दाखवण्यापुरती सुई

“मावशी, घरी देता तसं एकदा देऊन दाखवा,” सिस्टर म्हणाली.

इस्त्रीवालीनं इन्सुलिनचं पेन हातात घेतलं. नवऱ्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागतील, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. तेव्हापासून तिला रडूही येत नव्हतं. घरी तीनदा डोस वाढवला तरी त्याची साखर हटून बसली होती. इथे हॉस्पिटलात मात्र निम्म्याच इन्सुलिनवर ती मुकाट खाली आली. डॉक्टरही चक्रावले, म्हणून त्यांनी सिस्टरला धाडलं होतं.

देण्यात तिनं कधी कुचराई केली नव्हती. नवऱ्याला सिरिंजवरचे आकडे दिसेनासे झाले, तेव्हा बाटली बंद करून पेन आणलं. ते चांगलंच महाग. त्यासाठी तिनं लाँड्रीत आणखी एक पाळी धरली. पेन कसं चालवायचं ते दुकानदारानं काउंटरवरच दाखवलं. सुई लावून दाखवायला तो नवं पाकीट फोडणार, तर हिनंच त्याला अडवलं. एकेका सुईचे पैसे पडतात, नुसतं दाखवण्यापुरती कशाला वाया घालवायची? मग सुईचं त्यानं तोंडीच सांगितलं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि शिकवणी आटोपली.

आता तिनं सुई फिरवून घट्ट बसवली. वरचं मोठं टोपण काढलं. आकडा लावला, पेन नवऱ्याच्या पोटाला टेकवलं, बटण दाबलं आणि मनात दहा मोजले. मग पोटावरचा ओलावा नेहमीसारखा कापसानं टिपला.

सिस्टरनं पेनच्या टोकावरची बारीक, बोथट नळी चिमटीत धरून ओढली. आतून केसासारखी सुई बाहेर आली.

“हे आतलं टोपण, मावशी. हेही काढायचं असतं.”

इस्त्रीवाली सुईकडे बघत राहिली. आठ महिन्यांचं औषध कापसात गेलं होतं. आत सगळं बधिर झालं होतं.

नवऱ्यानं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“मला कळत होतं गं,” तो म्हणाला. “ओलं लागायचं ना पोटाला. पण सुईची मला पहिल्यापासून भीती. म्हटलं, दुखत नाहीये तर कशाला बोला.”

सिस्टरनं कपाळावर हात मारून घेतला आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पायाची वाट लावून घेतलीत, बायकोलाही फसवलंत, असं बरंच काही ती बोलली. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

तेव्हा कुठे इस्त्रीवालीला रडू फुटलं. ट्रकवर होता तेव्हा बारा वर्षं हाच माणूस गाडी कडेला घेऊन, सदरा वर करून, क्लीनरशी गप्पा मारता मारता स्वतःच्या हातानं सुई टोचून घ्यायचा.