यंत्रदोष

आकडा चौऱ्याण्णववर गेला तसा निरीक्षकाने खिशातला रुमाल काढला आणि यंत्राची नळी सोडवायला घेतली.

"काका, थांबा. हात लावू नका," मुख्य कार्यालयातून आलेली संशोधक बाई म्हणाली. वयाने त्याच्या मुलीएवढी असेल. काल टेकडी चढून आली होती आणि आल्यापासून त्याच्या नोंदवह्यांत डोकं घालून बसली होती.

"मळ धरलाय, मॅडम. रोजचा आकडा चाळीसच्या आसपास असतो. दरवर्षी थंडी सरली की हे असं डोकं फिरतं त्याचं. नळी धुतो, फिल्टर बदलतो, पाच-सहा दिवसांत येतं ताळ्यावर." वांड पोराबद्दल बोलावं तसा तो यंत्राबद्दल बोलत होता.

सव्वीस वर्षं या खोलीत बसून त्याने हवेतला ओझोन मोजला होता, तोही डोळ्यांत तेल घालून. अंगात ताप असो की घरात लग्न, सकाळची नोंद कधी टळली नव्हती. खालच्या ऑफिसात त्याला घड्याळच म्हणत. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता, आणि त्याच्या नोंदी मोठ्या अभ्यासात घ्यायच्या की नाही हे ही बाई ठरवणार होती. त्याला तेवढंच हवं होतं. निरोपाचा समारंभ त्याने आधीच नको म्हणून सांगितला होता.

बाईने एक वही त्याच्यापुढे सरकवली. "काका, दरवर्षी याच सुमाराला पाच-सहा दिवस कोरे आहेत. शेऱ्यात एकच शब्द. यंत्रदोष."

"मग चुकीचा आकडा लिहायचा का? पहिल्या वर्षी लिहिला होता. साहेबांनी लाल शाईने परत पाठवला. यंत्र स्वच्छ ठेवत जा, म्हणाले."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. याने सव्वीस वर्षं फुंकर घातली.

पदव्या घेताना बाईला बरंच काही शिकवलं होतं, पण वाईट बातमी कशी सांगायची ते कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी तिने भिंतीवरच्या तबकडीकडे बोट केलं. "बाहेरच्या हवेत ओलावा किती आहे?"

"नऊ टक्के."

"इतकी कोरडी हवा खालची नसते, काका. ती वरच्या थरातली. विमानं उडतात त्याच्याही वर हिवाळाभर ओझोन साठत जातो. थंडी सरताना दोन थरांमधली शिवण कुठेतरी उसवते आणि ती हवा खाली उतरते. कधी कधी या टेकडीपर्यंत." तिने आवाज खाली आणला. "यंत्राला काही झालेलं नाही. तेव्हाही काही झालं नव्हतं."

निरीक्षकाने ओलाव्याची वही काढली. एका हाताचं बोट कोऱ्या दिवसावर, दुसऱ्या हाताचं त्याच तारखेच्या ओलाव्यावर. आठ. अकरा. नऊ. हातच्या कंकणाला आरसा कशाला? सगळं त्याच्याच वळणदार अक्षरात होतं. सात वर्षांची पानं त्याने अशी लावून पाहिली आणि वही मिटली.

"त्या दिवसांचे जुने कागद? कच्चे आकडे कुठे लिहिलेले?" बाईने विचारलं.

"चुकीचे कागद कोण सांभाळतं, मॅडम?"

"मग नाही घेता येणार या नोंदी. आम्हाला नेमके हेच दिवस हवे होते. बाकीचे सगळीकडे मिळतात."

सगळं मुसळ केरात गेलं. एखादा आळशी माणूस या खुर्चीत बसला असता, तर त्याने नळी धुवायचा कंटाळा केला असता, आकडा दिसेल तसा लिहून टाकला असता, आणि नोंदी वाचल्या असत्या. निरीक्षकाला रडू येत होतं. परक्या मुलीसमोर रडायचं कसं, म्हणून तो रुमालाची घडी घालत राहिला.

पायऱ्यांवर पावलं वाजली. मध्ये दोनदा थांबली. खालच्या क्वार्टरमधून त्याची बायको रोजच्याप्रमाणे चहाचा थर्मास घेऊन आली. दारातच खोकली आणि स्टुलावर टेकली.

"आज परत छातीत जळजळतंय," ती म्हणाली.

"भास आहे तुझा," निरीक्षक म्हणाला. मानही वळवली नव्हती. शब्द आपसूक बाहेर पडले होते, गेली कितीतरी वर्षं पडत होते तसेच. मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

बाई खुर्चीत पुढे सरकली. "ओझोन छातीला लागतो, काकू. असं दरवर्षी होतं का?"

"थंडी सरली की होतं. चार-पाच दिवस श्वास पुरत नाही, मग आपलं आपण जातं. डॉक्टरकडे जाईपर्यंत मी बरी झालेली असते. त्यांना काही सापडत नाही, यांना काही पटत नाही."

बाईने घाईने पेन्सिल उचलली. "कुठल्या दिवशी ते आठवतं का? नक्की तारखा? मागच्या वर्षीच्या, त्याआधीच्या, जेवढ्या आठवतील तेवढ्या सांगा."

निरीक्षकानेही मान वर केली. बुडत्याला काडीचा आधार. आकडा स्थिर व्हायची वाट बघताना तो यंत्राकडे जसा बघायचा, तसा तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिने तीन कप भरले. पहिला बाईला दिला, दुसरा त्याच्यासमोर ठेवला.

"तारखा नाहीत हो माझ्याकडे," ती म्हणाली. "लिहायचं काम यांचं होतं."