डोळ्याजवळचं चाक

"काकू, यातून सगळं धूसर दिसतंय. लेन्सला बुरशी आलीय का?" कॅमेरा डोळ्याला लावूनच त्या मुलीनं विचारलं. जुना कॅमेरा घेताना काय काय तपासायचं, ते पाठ करून आली होती.

मला हसू आलं. कॅमेरा घरी आला त्या दिवशी मीही हेच विचारलं होतं.

"लेन्स चांगली आहे गं. नवख्यानं हीच पन्नास एमएमची घ्यावी, असं हे सगळ्यांना सांगायचे. चष्मा काढून फोटो काढायचे ना, म्हणून डोळ्याजवळचं ते बारीक चाक त्यांच्या नंबरला लावलंय. कुणी हात लावला की घरात भांडण ठरलेलं."

बोलता बोलता वाटलं, देण्याआधी आपण एकदा त्यातून बघावं. हे गेल्यापासून धीर झाला नव्हता. धूसर तर धूसर, त्यांच्या नजरेचं घरात तेवढंच उरलं होतं. मी हात पुढे केला.

"अय्या, खरंच की! आता लख्ख दिसतंय." तिनं चाक फिरवलंही होतं.

"होतं तसं कर बघू."

माझा आवाज ऐकून ती गोरीमोरी झाली. तिनं चाक मागे फिरवलं, पुढे फिरवलं.

"सॉरी काकू. नक्की कुठं होतं हो?"

ते मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला हातच लावला नव्हता.

"राहू दे," मी म्हणाले. "आता तुझ्या डोळ्यांना लावून घे."