वेदीवरची बाटली

केझियाने गोळ्यांची नारिंगी बाटली वेदीच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "प्रभूने मला बरं केलं!" अख्खं चर्च "आमेन!" म्हणत उभं राहिलं.

आमच्याकडे तशी रीतच आहे. ज्याला प्रभू बरं करतो, तो आपलं दुखणं वेदीवर टाकून जातो. त्या पायरीवर आमच्या ल्यूथरच्या कुबड्या पडल्यात, दारूच्या बाटल्या पडल्यात, सिगारेटच्या पाकिटांचं तर विचारूच नका. गोळ्या मात्र पहिल्यांदाच आल्या, म्हणून टाळ्याही जरा जास्तच पडल्या.

तिसऱ्या बाकावर तिची आई व्हर्लीन तेवढी बसून होती. मागच्या वेळी पोरीने गोळ्या सोडल्या, तेव्हा ती हायवेवर अनवाणी सापडली होती. समोरून येणाऱ्या ट्रकला देवदूत समजून, हात पसरून उभी. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली. पण भर उपासनेत प्रभूच्या कामाला नाही कोण म्हणणार? व्हर्लीनने आमेन तेवढं म्हटलं नाही. मिसिसिपीचा जूनमधला उकाडा, हातातला कागदी पंखा ती नुसता हलवत राहिली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून मदर प्रुइट उठल्या. डोक्यावरच्या टोपीपासून बुटांपर्यंत पांढऱ्याशुभ्र. चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, म्हणून सगळ्यांच्याच मदर. देव त्यांच्याशी बोलतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पाळकसाहेबसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. काठी टेकत टेकत त्या वेदीकडे निघाल्या.

"मदर, काठी पण ठेवताय की काय?" ल्यूथर मागून ओरडला.

"ठेवते की! मग घरी काय तू पाठीवर नेशील मला, मेल्या?"

हशा पिकला. मदरनी वाकून बाटली उचलली, तसा तो विरला.

"खरं सांग पोरी. या का नकोत?"

केझियाने मान खाली घातली. "गोळी घेतली की सगळंच गप्प होतं, मदर. शिव्या देणारे आवाज जातात. पण त्यांच्याबरोबर देवही जातो. तो मला नावाने हाक मारायचा." तिला रडू आवरेना. "तुमच्याशी बोलतो ना तो? मग माझ्याशीच का नको?"

पाळकसाहेब काहीतरी बोलायला पुढे झाले. मदरनी त्यांना हातानेच थांबवलं. मग आपली पर्स उघडली. रुमाल बाजूला केला, पेपरमिंट बाजूला केलं, आणि तळातून एक नारिंगी बाटली काढली. तस्सीच. तेच पांढरं झाकण. सगळ्यांना दिसेल अशी त्यांनी ती वर धरली.

"माझ्याही डोक्यात आवाज बोलतात. तू जन्मायच्या आधीपासून. मी रोज सकाळी घेते."

देवाशप्पथ, बायकांचे पंखे जागच्या जागी थांबले. जिच्या तोंडून आम्ही इतकी वर्षं देवाचं ऐकत आलो, ती बाई!

"आणि देव?" केझियाने दबक्या आवाजात विचारलं.

"गोळीने गप्प बसेल तो देव कसला, पोरी?"

मदरनी केझियाची बाटली तिच्या हातात दिली. "उघड तूच. या झाकणांपुढे माझी बोटं हरतात." आणि प्रभुभोजनाच्या तबकातला द्राक्षरसाचा इवलासा पेला तिच्यापुढे धरला.

केझियाने झाकण दाबून फिरवलं, गोळी जिभेवर ठेवली, रस प्यायली आणि डोळे मिटून कान दिला. आम्हीही सगळ्यांनी कान दिला. बाहेरून एक ट्रक गेला. बाकी काही नाही.

"आमेन," तिसऱ्या बाकावरून व्हर्लीन म्हणाली. एकटीच. आणि मग हळूच, "केझिया."

पोरीने डोळे उघडले आणि हाक आली तिकडे वळली.