काळ्या किनारीचं पत्र

लिमरिकच्या विद्यापीठात जुनी हस्तलिखितं सांभाळणाऱ्या उल्काने घरी येऊन खण उघडला. एका थोर अमेरिकन कवयित्रीने दीडशे वर्षांपूर्वी आपल्या आयरिश मोलकरणीला, तिची आई वारली तेव्हा, लिहिलेलं पत्र तिथे नव्हतं. मोलकरणीचं नाव नोरा. तिची त्याच नावाची पणती शेजारी राहायची, तिनेच तपासायला दिलं होतं. “आई, काळ्या किनारीचं पत्र पाहिलंस?” पुण्याहून आलेली आई ओले केस पुसत म्हणाली, “अगं, आपल्या नोराची आई गेल्याचं होतं ते. असलं पत्र घरात ठेवतात का? वाचलं, फाडलं, फायरप्लेसमध्ये टाकलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं.” उल्का फायरप्लेसकडे धावली. तेवढ्यात दारात नोरा आली. आईने पुढे होऊन तिचे हात धरून इथे शिकलेलं सांत्वनाचं वाक्य म्हटलं, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” नोरा दचकली. “कोण गेलं?”