दीड किलो

"वजन दीड किलो जास्त. उभं करता येणार नाही," कंबरेखाली चढवलेला यांत्रिक सांगाडा पुन्हा म्हणाला.

मांडवात अंतरपाट धरला होता. भाची पाटावर उभी, आणि तिच्या पाठीशी उभा राहायचा मामा, सोपान, अजून खोलीत खुर्चीतच. कण्याला मार बसल्यापासून कंबरेखाली सगळं निपचित. सरकारी सांगाडा त्याला चालवायचा, पण सत्तर किलोच्या वर हटून बसायचा.

"आई, सकाळी शिऱ्यात तूप किती ओतलंस?"

"पायांच्या काड्या झाल्यात तुझ्या. खायला नको घालू?"

"न चालणारे पाय वाळणारच. तुझं तूप इथं साठतं." त्याने पोटावर थाप मारली. "वर्षभर बोंबलतोय मी."

बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. सोपानने फेटा भिरकावला, मग जरीची जड शेरवानी, मग हातातलं कडं.

"अरे, व्याही काय म्हणतील?"

"म्हणू देत."

सांगाडा कुरकुरत उठला. सोपान नुसत्या बनियनवर मांडवात शिरला आणि भाचीच्या पाठीशी उभा राहिला. लोक खुसखुसले. भाचीने हात मागे करून त्याचं बोट धरलं.

आई जिलब्यांचं ताट घेऊन मागोमाग आली होती. बनियनमधून सुटलेलं त्याचं पोट तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि ताट पदराखाली घेतलं.