शिकणाऱ्याची जागा

“कुलूप तर भक्कम केलंस,” बशीत चहा ओतत बाबा म्हणाले. त्यांचे पेटीवादनाचे रेकॉर्ड केलेले धडे विकायला मी छोटी वेबसाइट केली होती. पैसे भरणाऱ्यालाच लिंक जायची, दोन दिवसांनी बंद व्हायची, दुसऱ्या कुणाला पाठवली तर उघडायची नाही. “पण आत काय ठेवलंय ते ऐकलंस का?”

“फाइल उघडते, तेवढं पाहिलं. मध्येमध्ये तुम्ही नुसतेच गप्प बसलाय. ते कापू का? डाउनलोड लवकर होईल.”

“नको गं. ती शिकणाऱ्याची जागा आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

महिन्याभराने सांगलीहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या आजारपणात लिंकची मुदत संपली आणि तिसरा धडा उतरवून घ्यायचा राहून गेला होता. “गुरुजींना विचारून बघता का?” त्या संकोचत म्हणाल्या. बाबा गेल्याचं मी त्यांना सांगितलं आणि नवी लिंक पाठवते म्हणाले.

पाठवण्याआधी सवयीने फाइल उघडली. एरवी ‘नमस्कार’ ऐकू आला की मी ती बंद करायचे. या वेळी हात पुढे झाला नाही.

बाबांनी भूपाची सरगम वाजवली, एकेक सूर सावकाश. मग म्हणाले, “आता तुम्ही वाजवा. घाई नको, मी थांबलोय.”

पुढे शांतता होती. तिच्यात लांबवर आमच्याच कुकरची शिट्टी झाली.

“बाबा,” मी मोठ्याने म्हणाले, “किती छान शिकवता हो तुम्ही.”