खालची अक्षरं

सूर्यमाळला मोबाईलला रेंज नाही, म्हणून जगन बायकोसाठी जव्हारहून कोरियन सिरियलच्या डीव्हीडी करून आणायचा. रविना खालची हिंदी अक्षरं वाचत बघायची. नवरा तापाने फणफणला तेव्हा ही रडली नव्हती, पण त्या गुळगुळीत गालांच्या हिरोसाठी पदर भिजायचा. जगनचा नुसता जळफळाट.

या खेपेला त्याने दुकानदार तनवीरला बजावलं, "खालची अक्षरं नको टाकू."

"मग भाभीला समजणार काय?"

"तेच तर पाहिजे!"

संध्याकाळी डीव्हीडी लागली. अक्षरं आलीच नाहीत, तरी रविना शेवटपर्यंत जागची हलली नाही.

"काय समजलं का?" जगनने हसू दाबत विचारलं.

 

"नाही ओ. पण रोज वाचण्यातच नजर अडकायची. आज कुठं त्याला डोळे भरून बघितलं."